कवडी डावीकडे वळते

११ नोव्हेंबर, सोमवार

आज गाडी पहिल्यांदा फाटकाबाहेर काढली आणि धड परत आणली. कुठे आदळलो नाही, तट्टू बुजलं नाही. म्हणून आजपासून ही डायरी. पोलाद कारखान्याच्या प्लेट मिलमध्ये होतो तेव्हा नव्या मशीनचं सगळं लिहून ठेवायची सवय लागली, ती रिटायर झाल्यावरही सुटली नाही.

गाडीला चार लहान रबरी चाकं आहेत, त्यामुळे टांग्यासारखी झुलत नाही आणि उलटतही नाही. मागून चढायला उतरती फळी आहे. स्कूटीचे डिस्क ब्रेक बसवले, एक पायाचा, एक हाताचा. सीट पुढेमागे सरकते. आणि लाल मुठीची एक खिट्टी आहे. तट्टू बिथरलंच तर ती ओढायची. तट्टू दांड्यांसकट सुटून पुढे जातं, गाडी जागच्या जागी उभी राहते.

संघमित्रा मॅडमना अशीच गाडी हवी आहे. चालता-बोलता न येणाऱ्या मुलांसाठी त्या केंद्र चालवतात. मुलं जनावराजवळ शांत होतात म्हणे. "पण आमच्या शिक्षिकांनी जन्मात लगाम धरला नाही हो," असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, मॅडम, जिनं आयुष्यात काहीच चालवलं नाही तिच्यासाठीच बनवून राहिलो मी गाडी.

तट्टू आमच्या कुरुदच्याच शालिकरामकडून घेतलं. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, नाव कवडी. आधी वरातीत जायची, बँडला सरावलेली. शालिकराम म्हातारा झाला म्हणून विकली, पण जीव अडकलेला. रोज सकाळी येतो, खरारा करतो, चारा घालतो.

तारा ओट्यावर उभी राहून पाहत होती. म्हटलं, बस, एक चक्कर मारू. मान हलवून आत गेली. आमचा पोरगा सुजय गेल्यापासून ती कोणत्याच गाडीत बसत नाही. फाटकाबाहेर जाते ती भाजीवाल्यापर्यंत. आता चौथं वर्ष लागेल.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी नऊला स्कूटर काढून रुआबांध्याला जातो. तिथे माझ्या जुन्या हेल्परचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे, दुसऱ्या गाडीचा सांगाडा तिथे वेल्ड होतोय. दुपारी जेवायला घरी. संध्याकाळी कवडीला घेऊन फेरी.

जेवताना तारा म्हणाली, "अजी, सुजय असता तर त्यानं या गाडीले रंग कोणता देला असता?"

मी ताटावरून उठलो. पाण्याची मोटर बंद करायची राहिली होती.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

संध्याकाळी बसलो तर गुडघे पुढच्या फळीला टेकले. सीट पुढे सरकवलेली. मी तर माझ्या मापाला लावून घट्ट केली होती. शालिकरामला विचारलं, तू बसला होता काय? म्हणाला, "मी कायले बसू? मले पायी फिरणं बरं वाटते." आणि खरारा घेऊन दुसऱ्या बाजूला गेला.

सीट सरकते, तर तिचा नट पुन्हा तपासावा लागेल.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

नट नवीन टाकला. सीट पुन्हा पुढे.

चाकांवर राखाडी धूळ आहे. आमच्या गल्लीची माती तांबूस. ही धूळ सिमेंटची, जामुलच्या बाजूची. मी गाडी तिकडे नेलेली नाही. त्या रस्त्याला मी जातच नाही. कुरुदच्या बाहेर तिठा आहे, तिथून डावा रस्ता जामुलला फुटतो. काम पडलं तर मी लांबचा वळसा घेतो, पण तो रस्ता नाही. सुजय तिथे गेला. कामावरून मोटरसायकलनं परत येत होता, समोरून ट्रक आला. इतकंच लिहितो.

वाऱ्यानं उडून आली असेल धूळ.

२५ नोव्हेंबर, सोमवार

आज जे झालं ते नीट लिहितो. संध्याकाळी तिठ्यावर आलो. मला उजवीकडे वळायचं होतं. कवडी डावीकडे वळली. उजवा लगाम ओढला तर मान उजवीकडे आली, पाय मात्र डावीकडेच. शेवटी पायाचा ब्रेक दाबला. गाडी थांबली, आणि ती कान टवकारून जामुलच्या रस्त्याकडे बघत उभी राहिली. जणू तिकडे कोणी तिला हाक मारत होतं.

खाली उतरून तोंडाशी धरून फिरवावी लागली. ब्रेक मात्र चांगले लागतात.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी रुआबांध्याहून आलो आणि कवडीच्या तोंडाला पाण्याची बादली लावली. तिच्या ओठांवर उसाच्या चिपाडाचे धागे चिकटलेले होते. आमच्याकडे ऊस नाही. शालिकराम म्हणतो त्यानं घातला नाही.

सुजयला उसाचा रस आवडायचा. आलं-लिंबू घालून, बर्फ नको. कामावरून येताना रोज कुठेतरी प्यायचा, म्हणून रात्रीचं कमी जेवायचा आणि तारा त्याच्यावर चिडायची.

मी शिकलेला माणूस आहे. चाळीस वर्षं तापलेल्या लोखंडाजवळ काढली, कधी गंडा-दोरा बांधला नाही. पण ही सीट, ही धूळ, हे वळणं, आणि आता ऊस. सुजय माझ्याहून उंच होता, त्याला सीट मागे लागली असती, पुढे नाही. हे मला कळतं. पण गेलेल्या माणसाचं माप कोण घेणार?

३ डिसेंबर, मंगळवार

ताराच्या उजव्या हाताला बोटांच्या मधे फोड आले आहेत. विचारलं तर म्हणाली, कपडे पिळून झाले. मशीन असताना पिळते कशाला, कोण जाणे. उन्हानं नाकावरही रापली आहे, गच्चीवर वड्या घालते वाटतं.

पण आज जेवताना तिनं स्वतःहून विचारलं, "उतारावर पहिले पायाचा ब्रेक का हाताचा?" मला इतका आनंद झाला! गाडीबद्दल तिनं पहिल्यांदा काही विचारलं. मी पोळी ताटात ठेवून सगळं समजावलं. आधी पायाचा, हळू, मग थांबल्यावर हाताचा. ती मन लावून ऐकत होती. "अन् समोरून ट्रक आला तं?"

"तं कडेला घेऊन थांबून जायचं. तट्टूशी बोलत राहायचं."

"असंच करत होती," असं काहीसं म्हणाली. मी म्हटलं, काय? म्हणे, काही नाही, भाजी घ्या.

६ डिसेंबर, शुक्रवार

शालिकरामजवळ मन मोकळं केलं. त्याच्याशिवाय कोणाला सांगणार? पुण्याला ऐश्वर्याला फोनवर सांगितलं तर पोरगी म्हणेल, बाबा, डॉक्टर को दिखाओ.

म्हटलं, शालिकराम, खरं सांग, या जनावरामागे कोणी लागलं आहे का?

त्यानं कवडीचा पाय उचलून नाल तपासला. मग म्हणाला, "देवरावजी, जनावर रोज जेथं जाते तेथंच जाते. त्याले भूतगीत काई समजत नाई."

"रोज? मी तं रोज उजवीकडे नेतो."

"हाव नं," म्हणाला, "तुमी उजवीकडेच नेता." आणि उठून चारा आणायला गेला. म्हाताऱ्याचं डोकंही आता ठिकाणावर नाही.

९ डिसेंबर, सोमवार

वाईट दिवस. संघमित्रा मॅडम गाडी पाहायला आल्या, सोबत ममता नावाची शिक्षिका. लाल खिट्टी, उतरती फळी पाहून खूश झाल्या. ममताला लगाम दिला, मी शेजारी. तिठ्यापर्यंत मुलगी छान चालवत होती, हसतही होती. तिठ्यावर कवडी पुन्हा डावीकडे. ममता घाबरली, लगाम दोन्ही हातांनी आवळून धरला. मागून हॉर्न. मी हाताचा ब्रेक ओढला म्हणून निभावलं.

मॅडम रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "देवरावजी, गाडी उत्तम आहे. पण माझी मुलं ओरडूही शकत नाहीत. तट्टू असं मनानं जायला लागलं तर मी त्यांना बसवू शकत नाही." एकवीस तारखेला केंद्राच्या आवारात पुन्हा बघू म्हणाल्या. तेव्हाही असंच झालं तर विषय बंद.

ताराला सांगितलं, कवडी विकतो. दुसरं तट्टू बघतो.

तिचा चेहरा एकदम पांढरा पडला. "नका विकू," म्हणाली. "तिची काई चूक नाई."

"मंग कोणाची चूक आहे?"

आत गेली आणि दार लोटून घेतलं.

१२ डिसेंबर, गुरुवार

आज रुआबांध्याहून लवकर आलो. दुपारचं ऊन. तारा मोरीत हातपाय धूत होती. शालिकराम मला पाहून घाईघाईत निघून गेला.

गाडी शेडच्या सावलीत उभी. मी सहज सीटवर हात ठेवला. सीट गरम होती, कोणी आत्ताच उठून गेल्यासारखी. कवडीच्या पाठीवर साजाच्या पट्ट्याखाली घाम.

मी गाडीत बसलो. शेजारच्या रिकाम्या जागेकडे तोंड करून म्हटलं, "सुजय, तू असशील तर ऐक. तुले फिरायचं असंल तं फिर. पण ती पोरं बोलू शकत नाईत रे. त्याईच्यासाठी तरी हिले सोड."

असं मी बोललो. स्वतःच्या तोंडानं त्याचं नाव घेतलं, किती दिवसांनी. कवडीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि मी तिथून उठलो.

मागे वळलो तर तारा मोरीच्या दारात उभी. ऐकलं असेल का? ओले हात तसेच धरून उभी होती. डोळे भरलेले. मी बाजूनं निघून घरात आलो.

१८ डिसेंबर, बुधवार

आज गुरू घासीदास जयंतीची सुट्टी. मी विसरूनच रुआबांध्याला गेलो. दुकान बंद, रस्त्यात पांढरे झेंडे घेतलेली मिरवणूक, मांदर ढोल वाजत होता. परत फिरलो.

घरी आलो तर फाटक उघडं. शेड रिकामी. कवडी नाही, गाडी नाही. शालिकराम चाऱ्याच्या पेंढीवर बसला होता. मला बघून उठला आणि पुन्हा बसला.

"कोणी नेली?"

मी घरात हाक मारली. तारा नव्हती. चुलीवर झाकलेला भात, पलंगावर घडी केलेली साडी. घरात ती नाही असं आजवर कधी झालंच नव्हतं.

"शालिकराम!"

"बाई घेऊन गेल्या," तो म्हणाला. "रोजच जाते. मीच शिकवलं. मले शपथ घातली व्हती, देवरावजी."

मी स्कूटर काढली. तिठ्यापर्यंत गेलो. डाव्या रस्त्यावर लांब, बाभळींच्या मधे, माझी गाडी दिसली. कडेकडेनं, बेतशीर चालीनं जात होती. समोरून एक ट्रक आला. गाडी कडेला सरकली, थांबली. ट्रक गेला. गाडी पुन्हा निघाली. लगाम धरलेली बाई ताठ बसली होती, डोक्यावर पदर.

तीन वर्षं जी स्कूटरवर बसली नाही, ती माझी बायको.

मला तिच्या मागे जायचं होतं. स्कूटर सुरू होती. पण त्या रस्त्यावर चाक टाकायला माझा हात वळेना. तिठ्यावरच एका बंद पानठेल्याच्या फळीवर बसून राहिलो. किती वेळ, ठाऊक नाही. बस आली-गेली. मिरवणुकीतली माणसं घरी परतू लागली.

मग ती आली. मला पाहिलं. पायाचा ब्रेक, मग हाताचा. जसं मी समजावलं होतं तसं.

"बसा," म्हणाली. "स्कूटर येथंच राहू द्या, शालिकराम आणंल."

मी बसलो. गुडघे पुढच्या फळीला टेकले.

१९ डिसेंबर, गुरुवार

काल घरी आल्यावर ती बोलली. मी उठून गेलो नाही.

पहिल्या दिवशी फक्त फाटकापर्यंत गेली होती. मग तिठ्यापर्यंत. मग एक दिवस डावीकडे. "मले ती जागा पाहाची होती," म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही गेले, लोक गेले, मले कोणी नेलं नाई. मोटारीत बसाची माझी हिंमत नव्हती. ही गाडी पाहिली तं वाटलं, हिच्यातून जाता येईन. ही उलटत नाई. थांबव म्हटलं का थांबते."

"मले सांगितलं कावून नाई?"

"सुजयचं नाव काढलं का तुम्ही उठून जाता, अजी. मोटर बंद कराची राहते, फाटक लावाचं राहते. मी कोणाले सांगू?"

तिथे एक चहा-रसाची टपरी आहे. वंदना नावाची बाई चालवते, माहेर गोंदियाकडचं, आपलीच बोली. त्या दिवशी धावत जाऊन तिनंच सुजयला पाणी पाजलं म्हणे. ती ताराला त्याच्याबद्दल सांगते. कवडीला चिपाडं घालते.

भूत नव्हतं तर. मला हायसं वाटायला हवं होतं. उलट घर जास्तच रिकामं वाटलं. महिनाभर तो इथे आहे असं मी धरून चाललो होतो. काल तो पुन्हा गेला.

२१ डिसेंबर, शनिवार

केंद्राच्या आवारात कवडीला कुठलाच डावा रस्ता नव्हता. तरी मॅडमना सगळं खरं सांगितलं, जनावराला कोणी कशाची सवय लावली ते. तारानं स्वतः गाडी चालवून दाखवली. मग ममताला शेजारी बसवून हळूच लगाम तिच्या हातात दिला. "आवळू नको पोरी. धरलं आहे इतकं तिले समजलं का पुरे." ममतानं तीन चकरा मारल्या. शेवटी एका मुलाला चढवलं. तो काही बोलत नाही, पण त्यानं कवडीच्या शेपटीकडे हात केला आणि घशातून आवाज काढला. ममता रडायला लागली.

मॅडम गाडी ठेवून घेतो म्हणाल्या, पण कवडी नको. कवडीला आम्हीही देत नाही. त्यांच्यासाठी दुसरं तट्टू बघू आणि तारा त्याला वळण लावेल. ती हो म्हणाली आहे.

येताना तिनं विचारलं, "उद्या येता?"

२२ डिसेंबर, रविवार

गेलो.

तारा चालवत होती, मी शेजारी. तिठ्यावर तिनं लगाम हलवलाही नाही, कवडी डावीकडे वळली. बाभळींच्या पानांवर राखाडी थर. मी समोर न बघता माझ्या हातांकडे बघत होतो. मग गाडी थांबली.

तिथे काहीच नव्हतं. रस्त्याखालची एक मोरी, विजेचा खांब, पलीकडे टपरी. तीन वर्षं माझ्या डोक्यात जी जागा होती, ती ही नव्हतीच.

वंदनाबाई चाळिशीच्या असतील. तारानं सांगितलं, "हे त्याचे बाबा." त्यांनी बाकडं पुसलं, दोन ग्लास रस ठेवला, कवडीपुढे चिपाडं टाकली. तारा लहान मुलीसारखी म्हणाली, "वंदनाबाई, गाडीचं सांगा नं याईले."

वंदनाबाई ग्लास पुसत सांगू लागल्या. "मी पाणी घेऊन धावली. दोन घोट प्याला. मंग मले विचारलं, मावशी, माझी मोटरसायकल रस्त्यातून बाजूले घेतली का? कोणी येऊन आदळंल म्हणे."

तारा माझ्याकडे बघत होती. शाळेत पोराचा पहिला नंबर आल्यावर बघायची तशी.

त्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, जागच्या जागीच गेला. काही कळलंही नसेल त्याला. तसा मार मी मिलमध्येही पाहिला आहे. पाणी पिणं नाही, बोलणं नाही. ताराला हे मी कधी सांगितलं नाही, कारण आम्ही त्याबद्दल कधी बोललोच नाही.

वंदनाबाईंनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. मला कळलं, आणि मला कळलं हे त्यांनाही कळलं. ग्लास पुसायचा हात थांबला. तारा आमच्या दोघांच्या मधे बसून रस पीत होती.

मी म्हटलं, "आणखी काय म्हणाला?"

रस्त्यावरून एक ट्रक गेला. मग रस्त्याकडेच बघत हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणे, बाबाले एकदम सांगू नका. वाईट काई ऐकलं का ते चष्मा काढून ठेवते, अन् मंग घरभर चष्माच शोधत फिरते."

तारा मोठ्यानं हसली. इतक्या वर्षांत तिचं हसणं ऐकलं नव्हतं. हसता हसता पदर डोळ्याला लावला.

मी खाली पाहिलं तर माझा चष्मा माझ्या हातात होता. तो पाहूनच बाई बोलली असेल. पण काढून ठेवतो आणि मग घरभर शोधतो, हे तिला कसं ठाऊक? यावरून सुजय मला चिडवायचा. घरातल्या चौघांशिवाय ते कोणाला माहीत नाही. तारानंच कधी सांगितलं असेल. असंच असेल.

परत येताना विचारलं, "तू वंदनाबाईले चष्म्याचं सांगितलं होतं नं?"

"मी कायले सांगू?" ती म्हणाली. "मी तेथं ऐकाले जाते, अजी. सांगाले नाई."

मी म्हटलं, थांबव. तिनं ब्रेक दाबला. मी उतरलो आणि कवडीच्या मानेवर हात ठेवून घरापर्यंत चालत आलो.